दोन बारांच्या मधला वेळ

परवाना आता तुझ्या नावावर झाला. धारकानं सत्तरी गाठली की तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना करता येतो, अशी सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. तिचा फायदा घेऊन मी हे काम डोळ्यांदेखत उरकून घेतलं. कागद झाले, पोलीस ठाण्यात नोंद झाली, बंदूक तुझ्या हाती आली. आता राहिलं ते सांगणं. ठासणीची बंदूक भरायला तुला येते, नेम तर तुझा माझ्यापेक्षा चांगला आहे. पण ही बंदूक फसते किंवा माणसाला इजा करते ती बहुतेक वेळा पहिला बार उडाल्यानंतर आणि दुसरा भरण्याआधी. त्या मधल्या वेळात नळीकडे कसं बघायचं, तेवढंच आज सांगतो. यातलं बरंचसं आजोबांनी मला सांगितलेलं आहे, बाकीचं वाडी राखताना हाताला पटलेलं आहे.

नळीत काय उरतं ते आधी समजून घे

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती पेटली की सगळीच्या सगळी वायू होऊन जात नाही. वजनानं बघितलं तर निम्म्याहून जास्त भाग घन रूपातच राहतो. त्यातला काही त्या दाट पांढऱ्या धुरातून बाहेर पडतो आणि उरलेला नळीच्या आतल्या अंगाला बसतो. त्यालाच आपण कीट म्हणतो.

या किटात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात, सोबत गंधकाचे अंश आणि थोडा न जळलेला कोळसा. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून कीट तसंच राहिलं तर नळी गंजते. आणि हेच क्षार पाण्यात चटकन विरघळतात, म्हणून कीट काढायला पाण्यासारखी दुसरी वस्तू नाही. बाजारात काय काय द्रावणं मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत काम करतं ते पाणीच.

देशावरच्या कोरड्या हवेत एखाद्यानं रात्रभर बंदूक तशीच ठेवली तर कदाचित निभावून जाईल. आपल्या मुरुडात, समुद्रकाठी, निभावत नाही. इथं खारा वारा दिवसभर घरात येतो, कपाटातल्या सुईलासुद्धा गंज धरतो. त्यात वर ओल ओढणारं कीट. रात्रीत नळीत लाल डाग उठतात आणि त्या डागांच्या जागी पुढं खळगे पडतात. खळग्यात कीट अडकतं आणि मग कितीही पुसलं तरी नळी पूर्वीसारखी होत नाही.

बार उडाला की आधी काही करू नकोस

बार झाल्यावर नळीचं तोंड वर आणि स्वतःपासून दूर धरून थोडं थांब. कागदाचा तुकडा, काथ्याचा धागा, कोळशाचा कण, यांतलं काहीही आत धुमसत असू शकतं. त्यावर नवी दारू पडली तर ती तुझ्या तोंडासमोर पेटेल. जनावर पळालं तर पळू दे. दुसऱ्या बाराच्या घाईनं बोटं गमावलेली माणसं जुन्या पिढीत गावोगावी असायची.

नळीत तोंडानं फुंकर मारायची सवय काही जणांना असते. ती लावून घेऊ नकोस. आपल्याच हातानं भरायच्या शस्त्राच्या तोंडावर आपलं तोंड कधीच न्यायचं नाही.

केप, म्हणजे घोड्याखालची ठिणगी देणारी टोपी, वाजली आणि बार उडाला नाही, तर अजूनच जास्त धीर धरायचा. नळी तशीच सुरक्षित दिशेला रोखून निदान दोन मिनिटं उभा राहा. दारू ओलसर असली तर ती उशिरानंही पेट घेते. दोन मिनिटं गेली की वाजलेली केप काढ, कान, म्हणजे ठिणगी आत नेणारं भोक, टोचून मोकळा कर, नवी केप लाव आणि पुन्हा चाप ओढ. तोवर नळीच्या तोंडाशी हात, डोकं, गज, काही आणायचं नाही.

गजावर दोन खुणा ठेव

बार ठासायच्या आपल्या गजावर दोन चरे दिसतील. वरचा चरा नेमका नळीच्या तोंडाशी आला, म्हणजे गज बुडापर्यंत पोचला आणि नळी रिकामी आहे. खालचा चरा तोंडाशी आला, म्हणजे आत आपला नेहमीचा बार नीट बसलेला आहे. गज त्याहूनही वर राहिला, तर एक तर बार अर्ध्यात अडकलाय, नाही तर आत एकावर एक दोन बार आहेत. दोन्ही प्रकार जीवघेणे.

हे सोपं वाटतं, पण घाईत शहाणी माणसंही विसरतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गची लढाई झाली. नंतर मैदानावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या, त्यातल्या चोवीस हजारांच्या आसपास भरलेल्याच सापडल्या, आणि त्यांतल्या कितीतरी बंदुकांत एकावर एक बार ठासलेले होते. ती कवायत शिकलेली फौज होती. पण गोंगाटात आपला बार उडाला की नुसती केप वाजली, हे कळेनासं झालं की असं होतं. म्हणून बंदूक हातात घेतली की पहिल्यांदा गज घालून खूण बघायची. प्रत्येक बारानंतर, पुसण्याआधी, पुन्हा बघायची. घरातून कुणी आणून दिली तरी बघायचीच.

ओली चिंधी, कोरडी चिंधी, मगच बार

सगळ्यात महत्त्वाचं हे आहे, म्हणून सावकाश सांगतो.

वाजलेली केप लगेच काढू नकोस. घोडा तिच्यावरच खाली टेकलेला राहू दे. त्यामुळे कान बंद राहतो. कान उघडा असला तर गज आत जाताना ओलं कीट कानात ढकललं जातं आणि पुढची केप फुकट जाते. शिवाय उघड्या कानातून आत हवा खेळते आणि धुमसणारी ठिणगी फुलते.

मग चिंधी पाण्यात भिजव आणि घट्ट पिळ. पिळल्यावर बोटाला गारवा लागला पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. चुकतं ते इथंच. लोकांना वाटतं जास्त पाणी म्हणजे जास्त स्वच्छ. दोन बारांच्या मध्ये तसं नसतं. जास्तीचं पाणी किटाचा चिखल करून बुडाशी जमा होतं. तिथंच पुढची दारू पडायची असते. ती ओली झाली की केप वाजते आणि बार गप्प बसतो.

चिंधी गजाच्या टोकाला गुंडाळ. ती फार घट्टही नको आणि ढिलीही नको. आत जाताना तिनं किटावरून सरकत जावं आणि परत येताना चुरगळून कीट सोबत ओढून आणावं, इतकी ती जाड हवी. खूप घट्ट असली तर ती वरचं सगळं कीट दामटून बुडाशी नेते. गज एका लयीत, न थांबता, बुडापर्यंत घाल. तळाला क्षणभर टेकव, म्हणजे तिथलं कीट ओल शोषून मऊ होईल. मग एकाच ओढीनं बाहेर काढ. पंप मारल्यासारखा खालीवर करू नकोस. ते घरी धुताना करायचं, इथं नाही.

बाहेर आलेली चिंधी बघ. ती काळी आणि ओलसर असेल तर तिची दुसरी बाजू बाहेर घे आणि पुन्हा एकदा तसंच कर. नंतर कोरडी चिंधी घे आणि त्याच पद्धतीनं फिरव. ती ओलसर आली तर आणखी एक. शेवटची चिंधी राखाडी पण कोरडी आली की झालं. अगदी पांढरी येईपर्यंत थांबायची गरज नाही. दोन बारांच्या मध्ये नळी चकचकीत करायची नसते. ती प्रत्येक वेळी सारखी करायची असते. सारखी पुसलेली नळी सारखाच बार देते, नेमही सारखा राहतो.

आता घोडा अर्धा चढव, वाजलेली केप काढ, कानात तार घालून बघ. तार सरळ गेली की मग दारूला हात लाव. केप सगळ्यात शेवटी लावायची, नळी दूर रोखल्यावर.

गज ठासताना मूठ आवळून, टोकावर तळहात ठेवून दाबायचा नाही. बोटांच्या चिमटीत धरून थोडा थोडा खाली न्यायचा. काही विपरीत झालंच तर गज बोटांतून निसटून जातो. तळहात त्याच्या वाटेत नसावा.

जंजिऱ्यावरच्या तोफांनाही हाच नियम

जंजिरा किल्ल्यावर गेलेले लोक कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम या तोफा बघून त्यांच्या आकाराचं कौतुक करतात. पुढच्या खेपेला तू त्यांचा कान बघ. तोंडाकडून भरायच्या तोफेचं आणि आपल्या बंदुकीचं शास्त्र एकच आहे, फक्त माप वेगळं. जगभरच्या तोफखान्यांत बार झाल्यावर लांब दांड्याला बांधलेला ओला बोळा नळीत फिरवायचे, म्हणजे ठिणगी विझावी आणि कीट निघावं. तो बोळा आत जात असताना दुसरा गोलंदाज अंगठ्यानं कान दाबून धरायचा. त्या अंगठ्यावर चामड्याची टोपी असे, कारण धातू तापलेला असायचा. अंगठा हलला तर ठासणाऱ्याचा हात जायचा. आपण वाजलेल्या केपेवर घोडा टेकवून ठेवतो, तो त्याच अंगठ्याच्या जागी.

कानाचं महत्त्व शत्रूलाही ठाऊक होतं. किल्ला सोडून जाताना तोफा नेता आल्या नाहीत, तर त्यांच्या कानात खिळे ठोकून जायची रीत होती. एवढा मोठा धातूचा ओंडका, पण कान बुजला की कुचकामी. आपल्या बंदुकीचा कान तर टाचणीएवढा. त्यात एक कण अडकला तरी पुरे.

पाणी गोडं, चिंधी सुती

पाणी विहिरीचं किंवा नळाचं, गोडं हवं. खाजणाच्या कडेला, बंदरावर उभा असलास आणि जवळ पाणी नसलं, तरी समुद्राचं पाणी वापरायचं नाही. त्यातलं मीठ नळीत राहतं आणि ते किटापेक्षा कमी वाईट नाही. घामाचे हातही पुसून घे. राखणीला निघताना एका छोट्या बाटलीत गोडं पाणी आणि दोन डब्या चिंध्या बरोबर घ्यायच्या, एक ओल्यासाठी, एक कोरड्यासाठी. डब्या वेगळ्या असल्या की अंधारात गोंधळ होत नाही.

पाणी संपलंच तर तोंडातल्या लाळेनं चिंधी ओली केली तरी चालतं. जुनी माणसं सर्रास तसंच करायची. मात्र त्याआधी हात धुतलेले हवेत. छर्रे शिशाचे असतात आणि शिसं पोटात जाणं वाईट. छर्रे दातात धरायची सवय तर मुळीच नको. राखणीवर हात न धुता भाकरी खायची नाही.

चिंधी जुन्या धोतराची, लुगड्याची, मांजरपाटाची. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड पाणी धरतं आणि फाटत नाही. टेरिकॉट, नायलॉन अजिबात नको. ते पाणी शोषत नाही आणि गरम नळीत किंवा ठिणगीवर वितळून चिकटतं. चिंध्या एका मापाच्या आधीच कापून ठेव. रात्री बॅटरीच्या उजेडात कापड फाडत बसायचं नाही.

तेल कुठलं आणि कधी

मुरुडात होड्यांमुळे डिझेल आणि इंजिनाचं तेल कुणाच्याही घरी सापडतं. घरी साफसफाई झाल्यावर नळीला बाहेरून गंजू नये म्हणून असलं तेल चालेल. पण दोन बारांच्या मध्ये ते आत जाता कामा नये. खनिज तेल आणि किटाचे क्षार गरम नळीत एकत्र आले की डांबरासारखा चिकट थर होतो. तो पाण्यालाही दाद देत नाही.

बाराच्या वेळी लागते ती झाडाची किंवा जनावराची चरबी. खोबरेल आहे, तूप आहे, मेण आहे, कोकमाच्या बियांचं मुठेल आहे. अट एकच, त्यात मीठ नसावं. अशा चरबीनं कीट मऊ राहतं, गजाखाली सुटून येतं. आपल्याकडच्या उकाड्यात खोबरेल पाण्यासारखं पातळ होऊन वाहतं. मुठेल मात्र अंगाच्या उबेनं विरघळेल इतपत घट्ट राहतं, म्हणून थोडं खोबरेल आणि बरंचसं मुठेल किंवा मेण असं मिश्रण डबीत बनवून ठेवावं. ते चिंधीला किंवा बोळ्याला लावायचं, दारूला नाही. छर्ऱ्याचा बार असेल तर दारूवर आधी जाड पुठ्ठ्याची कोरडी चकती ठास, मग त्यावर चरबी लावलेला बोळा. चकतीमुळे चरबी दारूत मुरत नाही आणि बोळा जाता जाता नळी पुसून जातो.

या चरबीनं केवढं रण पेटवलं ते तू शाळेत शिकला आहेस. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल ठासणीचीच होती. तिची गोळी आवळ नळीतून नीट उतरावी आणि कीट मऊ राहावं, म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली असे आणि ते काडतूस दातानं तोडावं लागे. चरबी गाईची की डुकराची, या संशयानं शिपाई खवळले. जानेवारी १८५७ मध्ये सरकारनं हुकूम काढला की काडतुसं चरबीविना द्यावीत आणि शिपायांनी आपल्याला चालेल ते मिश्रण स्वतः लावावं. पण तोवर विश्वास उडाला होता. त्या बंदुकीला चरबी लागायचीच. ती कशाची असावी, हे बंदूक धरणाऱ्याला आधी विचारायला हवं होतं.

बोळ्यासाठी काथ्या वापरायचा तर चरबीत मुरवूनच. कोरडा काथ्या नळीतून धुमसत बाहेर पडतो. मार्चनंतर डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं, त्यात तो पडला तर रान पेटतं.

हवा बघून हात बदल

पावसाळ्यात आणि दमट दिवसांत कीट ओल ओढून मऊ राहतं. तेव्हा पहिली चिंधी नुसती दमट असली तरी पुरते, उलट कोरड्या चिंध्या जास्त लागतात. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा सुटतो, हवा कोरडी होते, तेव्हा कीट कढईच्या बुडाला करपलेल्या पाकासारखं कडक होतं. तेव्हा पहिली चिंधी थोडी जास्त ओली हवी आणि ती तळाला थोडा जास्त वेळ टेकवायला हवी. उन्हात तापलेल्या नळीतही कीट लवकर वाळतं. म्हणून बार झाल्यावर आधी थांबायचं हे खरं, पण थांबून झाल्यावर पुसायला उशीर करायचा नाही. बंदूक सावलीत ने आणि पुसून टाक.

दारू कधीही शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. आधी मापात घ्यायची, डबा बंद करून दूर ठेवायचा, मग मापातली ओतायची. आत ठिणगी राहिली असेलच तर मापातली दारू पेटेल, हातातला सगळा डबा नाही.

गज जड गेला की तिथंच थांब

सगळं सांगितलेलं विसरलास तरी हे विसरू नकोस. नळीत काय चाललंय ते तुला दिसत नाही. ते फक्त गजाला कळतं. पहिल्या बाराला गज किती सहज गेला, ते हाताला लक्षात ठेवायला शिकव. नंतरच्या बाराला तो एखाद्या जागी अडखळला, तर तिथं किटाचं कडं झालंय असं समज. ते बहुधा बुडाच्या थोडं वर, जिथं दारू जळते, तिथं होतं.

तेव्हा जोर लावून गोळी खाली नेणं सगळ्यात वाईट. गोळी त्या कड्यावर अडकली आणि दारूपर्यंत पोचली नाही, तर मध्ये पोकळी राहते. अशा पोकळीनिशी बार उडाला की नळी त्या जागी फुगते किंवा फाटते. नळी फाटली तर ती डाव्या हाताजवळ फाटते. म्हणून गजाच्या खालच्या खुणेपर्यंत बार बसला नाही, तर केप लावायचीच नाही. गजाच्या टोकाला पेच लावून बोळा आणि गोळी मागं खेचून काढता येते. ते जमत नसेल तर बंदूक केपेविना, तोंड दूर ठेवून घरी आण आणि जाणत्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे ने.

घरी आल्यावर

मधली पुसापुसी कितीही चांगली केलीस तरी ती घरच्या धुण्याची जागा घेत नाही. त्याच रात्री, जेवायच्या आधी धू. केप बसते ते निपल पान्यानं काढ आणि वाटीत गरम पाण्यात टाक. नळीचं बूड बादलीतल्या कोमट पाण्यात ठेव, पाण्यात थोडा साबण. आता घट्ट चिंधी लावून गज खालीवर चालव, पाणी कानातून आतबाहेर होऊ दे. पाणी बदलून पुन्हा कर, स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी नुसत्या गोड्या पाण्यानं खळबळ, कोरड्या चिंध्या फिरव आणि चुलीपासून दूर, उबेला ठेवून पूर्ण वाळव. उकळतं पाणी ओतलं तर ते चटकन वाळतं हे खरं, पण आपल्या हवेत त्यानं आतल्या अंगाला लगेच तांबूस पुट चढतं. कोमटच बरं.

वाळल्यावर तेलाची चिंधी फिरव. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंधी घालून बघ. तांबूस आली तर पुन्हा धू. तीन-चार दिवसांनी आणखी एकदा बघ. ठेवताना नळीचं तोंड खाली कर, म्हणजे तेल ओघळून कानात आणि बुडात साचत नाही. पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल कोरड्या चिंधीनं काढ आणि रिकाम्या नळीत एक केप वाजव. नळी एखाद्या वाळल्या पानाकडे रोखून वाजव. पान हललं, म्हणजे कान मोकळा आहे.

निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करावी लागू शकते, कधी आठवड्यांसाठी. त्याआधी ती नळी रिकामी असल्याची खात्री करून, धुऊन, नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात देऊन, सुती कापडात गुंडाळून द्यायची. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत ओल कोंडते. परत आणल्यावर आधी गज घालून खूण बघायची आणि मग कपाटात ठेवायची.

बंदूक कशासाठी आहे

१९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी म्हणून स्वतंत्र केलेला आहे. भात, नारळ, सुपारी, एवढ्यासाठीच ती आपल्या घरात आहे. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढायची पूर्वी हौस असायची. आता उतावळेपणानं किंवा बेपर्वाईनं केलेल्या अशा गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या शेजारी फणसाड अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांच्या नोंदणीची अट वन्यजीव कायद्यात आहे, ती नोंद तुझ्या नावानं आहे ना ते पाहून घे. डुक्कर मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी हवी. ती नसेल तर डबा बडव, बॅटरी मार, शेकोटी कर. बहुतेक रात्री तेवढ्यानंच काम भागतं.

आणि एखाद्या रात्री परवानगी आहे, जनावर समोर आहे, पहिला बार वाया गेलाय, आणि दुसऱ्याला गज अडखळतोय, असं झालं, तर भाताची ती खाचरं त्या रात्रीपुरती डुकरांना देऊन टाक. रोपं पुन्हा लावता येतात. नळीत न बसणारा बार बसवायचा नाही, आणि हे तुझ्याकडून पुढच्या हाती जाताना याच शब्दांत जाऊ दे.